टोमॅटोच्या झाडाला हात लावू नका!

सोलापुरात बेंडिगेरींच्या घरी एक कोडं होतं आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काचबंद गॅलरीत उभं होतं. ते होतं टोमॅटोचं झाड. पुरुषभर उंच, पिवळ्या फुलांनी लगडलेलं; पण फळ म्हणाल तर औषधालाही नाही. फूल उमले, दोन-चार दिवस लटके आणि देठासकट गळून पडे.

"झाडाला कळतंय की गं," आजी म्हणायची. "ह्यांचा हात लागत नाही आता."

ते ऐकलं की तिची नात मल्लिका झाडापाशी जाऊन बसे. दिवाळी सरली आणि आजोबा गेले. ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सोलापूरचं ऊन आता इतकं तापे, की घरोघरच्या गॅलऱ्या थंडाव्याच्या काचेनं बंद झाल्या होत्या आणि उघड्यावर टोमॅटो जगत नव्हता. उन्हाला दाद न देणारा टोमॅटो तयार करायचा, असा आजोबांनी ध्यास घेतला होता. वर्षानुवर्षं निवडत आणलेलं बी त्यांनी यंदा सगळंच्या सगळं पेरलं आणि त्यातून हे एकच रोप जगलं. याला फळ धरलं नाही तर बी नाही, आणि बी नाही तर आजोबांचं सगळं काम इथंच संपलं.

म्हणून मल्लिका झाडाला डोळ्यांत तेल घालून जपत होती. कशी? तर कुणालाही हात लावू न देता! झाड काठीला बांधलं होतं ते आजोबांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी, आणि गाठी त्यांनी स्वतः मारलेल्या. त्या सोडायच्या नाहीत, काठी हलवायची नाही, असा तिचा हुकूम होता. घरातल्या यंत्रमानवाचं नाव ठोंब्या. सांगितल्याशिवाय जागचा हलत नाही म्हणून आजोबांनीच ते ठेवलेलं. त्यालाही तिनं रडत रडत बजावलं होतं, "या झाडाचं नावसुद्धा काढायचं नाही." ठोंब्यानं काढलं नाही. कुंडीला नळीतून आपोआप पाणी मिळे, तेवढंच.

आता झाड थकलं होतं. खालची पानं पिवळी पडली होती आणि शेंड्याला शेवटचा घोस उरला होता. एका सकाळी त्यातलंही एक फूल मल्लिकेच्या तळहातावर पडलं, तेव्हा तिला राहवेना.

"ठोंब्या, आजोबांची आठवण येते म्हणून झाड फळ देत नाही का रे?"

"नाही, मल्लिकाताई," ठोंब्या म्हणाला. आडपडदा हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता. "झाडाला मेंदू नसतो. त्याला कुणाची आठवण येत नाही."

मल्लिकेला ते फार लागलं. आपल्यासारखंच दुःख करणारं घरात आणखी कुणीतरी आहे, असं ती इतके दिवस धरून चालली होती. ती भिंतीला टेकून रडली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मग फुलं का गळतात?"

"बोलू का झाडाबद्दल?"

"बोल."

ठोंब्यानं स्वयंपाकघरातून मिठाची भोकांची डबी आणली आणि उलटी धरली. मीठ पडलं नाही. त्यानं डबी हलवली, मीठ भुरभुरलं.

"टोमॅटोचं फूल असंच असतं. मधल्या पिवळ्या नळीत, म्हणजे परागकोशांत (फुलातली भुकटी साठवणाऱ्या पिशव्यांत), परागकण (ही भुकटी) बंद असतात. नळीच्या आत कुक्षी (परागकण झेलणारं टोक) असते. फूल हादरलं की परागकण तिच्यावर सांडतात. याला परागीभवन म्हणतात. ते झालं तरच फळ धरतं. बाहेर हे काम वारा करतो, नाहीतर भुंगा फुलाला धरून गुणगुणतो. काचेआड दोघंही येत नाहीत."

"पण गेल्या वर्षी याच गॅलरीत टोमॅटो लागले होते!"

"गेल्या वर्षी आजोबा रोज सकाळी काठीला टिचक्या मारत होते."

मल्लिकेला ते दिसलंच. आजोबा टकटक करत आणि म्हणत, "काय रावसाहेब, झोप झाली का?" तिला वाटे, म्हातारपणी लाड चाललेत झाडाचे. म्हणजे आजीचं बोलणं खरंच होतं. हात लागत नव्हता, म्हणूनच सगळं अडलं होतं. आणि तो लागू दिला नव्हता कुणी? तिनंच.

"गाठीही बघा," ठोंब्या म्हणाला. "बांधल्या तेव्हा सैल होत्या. नंतर खोड जाड झालं, त्या आत रुतल्यात. आजोबा त्या सोडून पुन्हा सैल बांधत. आधार आठाच्या आकड्यासारखा द्यायचा, एका वळशात काठी, दुसऱ्यात खोड. झाड पडत नाही, पण डुलतं. डुलणारं खोड बळकट होतं."

मल्लिकेचा हात गाठीपाशी जाऊन थांबला. "ही त्यांनी मारलीय. सोडली तर गेलीच ना."

आजी कधीची दारात उभी होती. ती येऊन नातीशेजारी बसली. "त्यांच्या उशीचा अभ्रा मी अजून धुतला नाही, मल्ले. मला पण तसंच वाटतं बघ. पण हे झाड बघितलं असतं तर ते काय म्हणाले असते? सोड की आधी, गुदमरतंय ते!"

मल्लिकेनं गाठ सोडली. पट्टीवर गाठीची चुणी तशीच राहिली होती. ती बघून दोघी पोटभर रडल्या. मग मल्लिकेनं पट्ट्या आठाच्या आकड्यात सैल बांधल्या, काचेला टेकलेला शेंडा सावरला आणि काठीला टिचकी मारली. तिच्या निळ्या बाहीवर पिवळी भुकटी सांडली.

घोसातली बरीचशी फुलं तरीही गळलीच. एक मात्र सुकूनही देठाला चिकटून राहिलं आणि त्याच्या पोटातून मोहरीपेक्षा थोडा मोठा, हिरवा मणी डोकावला. होळी झाली, काचेआडही ऊन मी म्हणू लागलं, तरी तो वाढत राहिला आणि लालबुंद पिकला.

आजीनं टोमॅटो चिरला. बिया मल्लिकेनं पाण्यात धुऊन बशीत वाळत टाकल्या. उरलेल्या गराची फोड आजीनं तोंडात टाकली आणि तिचा एक डोळा मिटला.

"अगंबाई, चिंच परवडली की! एवढ्यासाठी हा माणूस जन्मभर पहाटे उठला?"

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. हे तोंड बघायला आजोबा हवे होते. ते नव्हते, आणि आता कधीच असणार नव्हते.

"उन्हात टिकणं त्यांनी साधलं," ठोंब्या म्हणाला. "गोडी आणायची राहिली. गोड टोमॅटोचे परागकण याच्या फुलावर टाकायचे, म्हणजे संकर (दोन वाणांचा मेळ) करायचा. मग पिढ्यान्‌पिढ्या त्यातली चांगली झाडं निवडत जायचं."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, वर्षं. आजोबांकडे तेवढी उरली नव्हती."

मल्लिकेनं बशीतल्या बिया बोटानं हळूच सुट्या केल्या.

"मी पाचवीत आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे आहेत."