कापसाचा बोळा

दार लोटा आणि खिदळणं बंद करा. हे ज्यांच्या बाबतीत घडलं, ते लॅबवाले काका माझे शेजारी. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नाही, आणि जन्मभर बघितलं ते रक्तच!

गेल्या पावसाळ्यातली शनिवारची रात्र, पावणेदोनचा सुमार. दवाखान्यात एका पोराला थंडी वाजून ताप भरला, म्हणून नर्सबाईंनी काकांना घरून बोलावून घेतलं. काकांनी पोराच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर पसरला, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली धरला. बराच वेळ बघितलं. मलेरियाचा जंतू कुठेच नाही. काच स्वच्छ.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीची, चिमीची काचही अशीच स्वच्छ आली होती. जंतू कधीकधी दडी मारतो, रक्त पुन्हा घ्यावं लागतं, हे त्यांनीच कितीजणांना शिकवलेलं. पण तापाने फणफणलेल्या पोटच्या पोरीला परत टोचायला हात धजेना. सकाळी बघू, म्हणाले. सकाळी चिमी नव्हती.

गुणी पोर होती हो. शाळा सुटली की लॅबमधल्या बुटक्या स्टुलावर येऊन बसायची. सुई टोचली तरी रडायची नाही. बोट वर धरून एवढंच म्हणायची, "बाबा, कापूस."

तर त्या रात्री पोराची आई लॅबच्या दारात आली. "भाऊ, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. पुन्हा नका ना टोचू."

काकांना तिची दया आली. "बरं, ताई. सकाळी बघू."

ती गेली. काकांनी दिवा मालवायला हात वर केला...

मागे स्टूल करकरलं.

काका थिजले.

"बाबा..."

...

"कापूस."

वळायचं धैर्य नव्हतं. वळलो तर ती जाईल, ही भीती त्याहून मोठी. त्यांनी कापसाचा बोळा घेतला. तसाच हात मागे केला. इवली, गार बोटं लागली. बोळा गेला.

"चिमे... चुकलं गं माझं."



काका धावत वॉर्डात गेले. आई नको नको म्हणत असताना पोराला पुन्हा टोचलं. या खेपेला काचेत जंतूच जंतू! लगेच औषध सुरू झालं. पोरगं वाचलं, आता गल्लीत सायकल हाणत असतं. काका त्याला बघून हसतात आणि घरात जाऊन रडतात.

सकाळी त्या बुटक्या स्टुलावर बोळा सापडला. मधोमध रक्ताचा थेंब. काकांनी तो काचेच्या बाटलीत जपून ठेवलाय. परवाच मला दाखवला.

थेंब अजून लाल आहे... आणि ओला.