उजव्या हाताची तीन बोटं

"अंगरखा काढ, पोरा," मोठे शेख म्हणाले, आणि सरवाननं आपला उजवा हात नकळत बाहीत ओढून घेतला.

अंगरखा काढायचा होता तो धाकट्या भावानं, अनूशनं. सरवान तर कुंपणाच्या दाराशी, वहाणांच्या ढिगाजवळ उभा होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. पण वीस वर्षांपूर्वी ह्याच अंगणात, ह्याच खजुराच्या सावलीत त्यालाही असंच उघड्या अंगानं उभं केलं होतं, ह्याच म्हाताऱ्या बोटांनी त्याचे दात, कान, नखं तपासली होती, आणि 'निर्दोष' हा शब्द ऐकून त्याची आई, त्याची यम्मा मुदल्लल, पदरात तोंड लपवून रडली होती... ते सगळं आज पुन्हा डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

मोठ्या शेखांनी, आमच्या मुख्य पुरोहितांनी, अनूशच्या हातापायांची बोटं एकेक करून मोजली. वीस भरली. "आईकडून डाग नाही, बापाकडून डाग नाही, देहात व्यंग नाही," ते म्हणाले. "दीक्षेला योग्य आहे. कुणाला काही सांगायचंय?"

कुणालाच काही सांगायचं नव्हतं. मागून खमीस ढोलवाला तेवढा पुटपुटला, "ह्याच्या भावाची मोजली तर अठराच भरतील." दोघंतिघं हसली. अनूशच्या बापानं, शेख झहरूननी, मान वळवली नाही. ते हवेत बघून म्हणाले, "त्या होडीवाल्याला कुणीतरी सांगा, दीक्षेच्या झोपडीसाठी काठावरचे बोरू परवापर्यंत कापून, नदीत धुऊन आणायला."

होडीवाला म्हणजे सरवान. त्यांचा थोरला मुलगा, चार हातांवर उभा असलेला. वीस वर्षांत त्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. एका घरात राहायचे, एकाच तंदुरातली भाकरी खायचे, पण बोलणं असं, तिसऱ्याच्या तोंडून.

आमच्या कलात सालेह गावात ही गोष्ट पोराटोरांना माहीत होती. म्हणजे लोकांना माहीत होती तेवढी. सरवान सातव्या वर्षी बापापुढे पोथी घेऊन बसला, अठराव्या वर्षी त्याला सगळे मंत्र तोंडपाठ होते, असा तयारीचा विद्यार्थी मोठ्या शेखांनी पाहिला नव्हता. दीक्षा दहा दिवसांवर आली होती. बापानं बजावलं होतं की आता होड्यांच्या आवारात पाय टाकायचा नाही, हत्याराला शिवायचं नाही. आणि हा गेला. गंमत म्हणून डांबर लावत बसला, पालथी होडी टेकूवरून सरकली, उजव्या हाताची दोन बोटं चेचली, हकिमानं ती काढून टाकली. संपलं. व्यंग असलेल्या माणसाला आमच्यात पुरोहित होता येत नाही, मग तो कितीही मोठा पंडित असो. शेख झहरूनच्या घराण्यातली बापाकडून थोरल्या मुलाकडे आलेली दीक्षा त्या दिवशी तुटली, आणि ती तुटली पोराच्या आडदांडपणामुळे. हे सरवाननं स्वतःच सांगितलं होतं, बिछान्यात पडल्या पडल्या, बापाच्या डोळ्याला डोळा देऊन.

बापानं मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. फक्त हात काढून घेतला. आमच्या पंथात नदीचं स्नान हीच मोठी पूजा, दर रविवारी आम्ही नदीत उतरतो; पुरोहित पाण्यात तीनदा बुडवतो, कपाळावर पाण्याची खूण करतो, ओंजळीनं पाणी पाजतो, आणि मग आपला उजवा हात स्वतःच्या उजव्या हातात घेतो. हा हात मिळाल्याशिवाय स्नान पुरं होत नाही. सगळ्या मोहल्ल्याला शेख झहरूनचा हात मिळायचा, खमीससारख्या चहाटळालाही मिळायचा. सरवान मात्र दुसऱ्या पुरोहिताच्या रांगेत उभा राही आणि आपली तीन बोटं मुठीसारखी वळवून पुढे करी.

मग अनूश मोठा झाला, तोही सातव्या वर्षी पोथी घेऊन बसला. त्याचं पाठांतर जरा कच्चं. भिंतीपलीकडे सरवान वाकसानं होड्यांच्या फळ्या तासत असे, आणि अनूश अडला की वाकसाचा आवाज थांबे, भिंतीपलीकडून पुढचा शब्द हळूच येई. एकदा ते शेख झहरूननी ऐकलं. ते उठले आणि त्यांनी मधलं दार लावून घेतलं... त्या दिवशी सरवाननं होडीची एक चांगली फळी उगाच तासून तासून वाया घालवली.

"कापा, बोरूही तुम्हीच कापा," सरवानची बायको बीबिया त्या संध्याकाळी म्हणाली. विळ्याला धार मात्र तीच लावून देत होती. "तुमच्या बोटांची थट्टा होते आणि तुम्ही मान खाली घालता. एवढा काय गुन्हा केलात हो? पोरवयात कोण नाही चुकत?"

"कुणाचीतरी झोपडी बांधायची म्हणजे कुणीतरी बोरू कापायला हवेत," सरवान म्हणाला.

चुलीशी बसलेल्या म्हाताऱ्या मुदल्ललच्या हातातला पळा थांबला. ती काहीतरी बोलणार होती. सरवाननं तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तिनं भात ढवळायला घेतला.

नदीकाठी झोपडी उभी राहिली, सरवाननं कापलेल्या बोरूंची, वर निळं कापड. पांढरी वस्त्रं नेसलेला अनूश आत गेला. मोठे शेख, शेख झहरून आणि आणखी दोन पुरोहित आत बसले. सात दिवस, सात रात्री दीक्षार्थ्याचा डोळा लागता कामा नये. झोप लागली, झोपेत विटाळ झाला, की सगळं फुकट. आणि मोठे शेख ऐंशीच्या पुढचे. सगळ्या जिल्ह्यात दीक्षा देणारे तेवढे एकच. पुढच्या वर्षी ते असतील की नाही कोण जाणे. शेख झहरूनला तिसरा मुलगा नव्हता. म्हणून सगळा मोहल्ला झोपडीबाहेर ठाण मांडून बसला होता, बायका जीभ हलवून हलहलाचा मंगलघोष करत होत्या, खमीसनं ढोल बडवून बडवून तळहात सोलून घेतले होते. माणूस वाईट नव्हता तो, जीभ तेवढी वाईट.

पाच दिवस निभावले. सहाव्या दिवशी दुपारी वारा पडला. नदीवरून नुसती गरम वाफ येत होती, बाहेरची माणसंसुद्धा बसल्या जागी पेंगत होती. आतून अनूशचा वाचायचा आवाज येत होता तो घसरायला लागला. एक ओळ दोनदा, मग अर्धीच... मग काहीच नाही. "अनूश, डोळे उघड," शेख झहरूनचा आवाज आला. ढोल वाजला. आवाज सुरू झाला, पुन्हा विझला. "पोरा, अरे पोरा," मोठे शेख विनवत होते. बाहेर कुणीतरी थाळ्या बडवल्या. आत अनूश रडवेल्या आवाजात बापाला म्हणाला, "याबा, मला जमणार नाही. मला घटकाभर पडू द्या."

सरवान उठून बोरूच्या भिंतीपाशी गेला. आता अडलेला शब्द सांगून भागणार नव्हतं. हे सगळं ह्यासाठी का केलं होतं...? वीस वर्षं बापाची पाठ बघत राहिलो ती ह्यासाठी?

तेवढ्यात त्याला बाजूला सारून मुदल्लल पुढे झाली. साठी ओलांडलेली बाई, पण भिंतीला तोंड लावून अशी बोलली की ढोलही थांबला.

"अनूश, ऐकतोयस? मी यम्मा. तुझ्या भावाची दोन बोटं कुणामुळे गेली, ठाऊक आहे तुला?"

"यम्मा, गप्प बस," सरवाननं तिचा खांदा धरला. "तू पाण्याची शपथ घेतलीयस."

"मोडली मी शपथ. पाप लागेल ते मला लागू दे, माझे किती दिवस उरलेत?" तिनं त्याचा हात झटकला. "अनूश, तू तीन वर्षांचा होतास. तुला होड्यांपाशी सोडून मी तंदुरावर भाकऱ्या लावायला गेले. मी गेले, ऐका हो शेख, मी गेले. पोर पालथ्या होडीखाली शिरलं. टेकू सरकला. सरवान घरातून धावत आला आणि त्यानं होडीखाली हात घातला. तू बाहेर आलास, त्याचा हात आत राहिला. दहा दिवसांवर दीक्षा होती त्याची. बोरू कापून ठेवले होते, असेच... आणि मला काय म्हणाला? यम्मा, याबांना कळलं तर ते तुला जन्मभर बोलतील, आणि हा पोर भावाचं आयुष्य खाल्लेला म्हणून वाढेल. त्यापेक्षा मीच खेळत होतो म्हणून सांगतो. वीस वर्षं मी गिळून बसले. आता झोप बाबा, झोप लागत असेल तर."

बीबिया तोंडावर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. हा माणूस आपल्यालाही कळू न देता एवढं घेऊन आपल्या शेजारी झोपत होता, हे तिला आज समजत होतं. सरवानला मात्र कुणीतरी भर बाजारात अंगावरचं कापड ओढल्यासारखं झालं. ती गोष्ट त्याची एकट्याची होती. तो नदीकडे तोंड करून बसला.

मग आतून अनूशचा आवाज आला, रडत, अडखळत, पण एकेक अक्षर स्पष्ट. तो वाचत होता. त्या दिवशी वाचला, रात्रभर वाचला, सातव्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत वाचला, आणि एकदाही अडला नाही. फक्त शेख झहरूनचा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

सातव्या दिवशी दीक्षा झाली. अनूश जैतुनाची काठी टेकत बाहेर आला, डोळे खोल गेलेले, मेंदीच्या जातीच्या त्या आमच्या हिरव्या डहाळीचं कडं कपाळावर. इथून पुढे साठ दिवसांचं कडक सोवळं. स्वतःचं अन्न स्वतः शिजवायचं, कुणा साध्या माणसाचा स्पर्श झाला तर पुन्हा पहिल्यापासून. नदीकडे जाणारी वाट शंभर माणसांच्या ओल्या पायांनी निसरडी झाली होती. सरवानच्या समोर आल्यावर अनूशनं मान वर करून भावाकडे पाहिलं, आणि त्याचा पाय सरकला.

सरवानचा हात आपोआप पुढे गेला. तोच हात. भावाच्या बाहीपासून वीतभर अंतरावर तो थांबला, आणि थांबवताना त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या. अनूश त्याच्या डोळ्यांदेखत गुडघ्यांवर चिखलात पडला.

"ऊठ," सरवान म्हणाला. "ऊठ, अनूश. मला हात लावता येत नाही रे."

अनूशनं त्या तीन बोटांकडे बघितलं, काठी रोवली आणि स्वतःच उठला. मागून शेख झहरून येत होते. त्यांनी हे पाहिलं. त्यांचाही हात सरवानकडे उचलला गेला, पण मोठ्या शेखांच्या वयामुळे नव्या पुरोहिताबरोबर साठ दिवस सोवळ्यात राहायचं त्यांनीच पत्करलं होतं. त्यांनाही आता कुणाला शिवता येणार नव्हतं. ते खाली मान घालून पुढे गेले.

साठ दिवस दोघं नदीकाठच्या कुंपणात राहिले. सरवान रोज सकाळी लाकडांची मोळी कुंपणाबाहेर ठेवून यायचा. तिसऱ्या आठवड्यात एकदा आतून खाकरल्याचा आवाज आला.

"सरवान," शेख झहरून म्हणाले.

तो जागच्या जागी थबकला.

"लाकडं ओली आहेत."

"उद्या वाळलेली आणतो, याबा."

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा बीबिया हसत सुटली. "वीस वर्षांनी तोंड उघडलं आणि काय म्हणाले, तर लाकडं ओली आहेत. धन्य आहे तुमच्या घराण्याची." हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मुदल्लल तर चुलीशी कधीचीच रडत होती. दुसऱ्या दिवशी सरवाननं होडीसाठी राखून ठेवलेलं तुतीचं वाळलेलं लाकूड फोडून नेलं.

साठ दिवस भरले तो रविवार होता. नव्या शेख अनूशच्या हातचं स्नान घ्यायला सगळा मोहल्ला पांढऱ्या वस्त्रांत काठावर जमला. सरवान रांगेत पहिला उभा होता. भावाच्या हातचं पहिलं स्नान आपलं, एवढा हक्क त्यानं मनाशी धरला होता. अनूश कमरेइतक्या पाण्यात होता. त्यानं सरवानकडे पाहून मान हलवली.

"माझ्याकडे नाही, भाऊ," तो म्हणाला. "तिकडे. ते पहाटेपासून पाण्यात उभे आहेत."

थोड्या अंतरावर शेख झहरून उभे होते, एकटे. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं होतं. थंडीनं की कशानं, त्यांची दाढी हलत होती.

सरवान पाण्यात उतरला. बापानं त्याला तीनदा बुडवलं, कपाळावर खूण केली, ओंजळीनं पाणी पाजलं. मग हात पुढे केला. सवयीनं सरवाननं बोटं मुठीत वळवली. म्हाताऱ्यानं ती मूठ धरली, अंगठ्यानं एकेक बोट सरळ केलं, आणि जिथं दोन बोटं नव्हती तिथं आपली बोटं घट्ट मिटली. आता हात देतानाचे शब्द म्हणायचे होते, हजारो माणसांना म्हटलेले. ते सुरू झाले, आणि मध्येच थांबले. शेख झहरूनला पुढचा शब्द आठवेना. काठावरची माणसं वाट बघत उभी होती.

"आणि तुझा हात बळकट होवो," सरवान हळूच म्हणाला.

बापानं त्याच्याकडे पाहिलं. मग शाळकरी पोरासारखं, त्याच्यामागून, त्यांनी ते शब्द म्हटले. सरवान पुढचा शब्द सांगत होता आणि ते म्हणत होते, शेवटच्या शब्दापर्यंत. हात मात्र त्यांनी त्यानंतरही बराच वेळ सोडला नाही.