अठ्ठेचाळीस नंबरचा बिल्ला

बाबा पळून गेले की मेले, एवढंच मला कळायला हवं होतं. ते नाहीसे झाले त्याच्या आदल्या दिवशी आईशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालेलं, त्यामुळे तीस वर्षं ती म्हणायची, पळाला मेला. मागच्या वर्षी तीही गेली, त्यांना शिव्या घालतच. आणि आता काका म्हणतो, आम्ही दोघं भाऊ काम करायचो त्या खाणीवर चल, दाखवतो!

पहाटेच निघालो. काका सत्तरीचा, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला, पण हट्ट असा की काठीसुद्धा घेईना. ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता. कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलो. पुढे खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर. एक पाऊल वर, दोन खाली. अचानक काकाच्या पायाखालचा दगड सुटला. तो घसरला! मी कॉलर धरली, दोघंही गडगडलो आणि एका झुडपात अडकलो. परत फिरू म्हटलं, तर ऐकेल तो काका कसला!

दुपारी खाणकामगारांची ओस वस्ती लागली. छपरं बसलेली, एका स्वयंपाकघरात तर ओट्यावरच झाड उगवलेलं. कामगार दिवे घ्यायचे त्या खोलीतला फळा मात्र शाबूत होता. खाणीत उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला तिथल्या खिळ्यावर लावायचा, वर आलं की काढायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे. बाबांचा खिळा अठ्ठेचाळीस. रिकामा! म्हणजे वर आले आणि पळालेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेजारी एकोणपन्नासवर काकाचा बिल्ला तसाच होता.

काकानं खिशातून अठ्ठेचाळीस नंबरचा बिल्ला काढला.

त्या दिवशी खाणीत पाणी घुसलं तेव्हा पळता पळता, घाबरून, नकळत त्यानं आपल्याऐवजी हाच ओढून घेतला होता. साहेबांनी फळ्यावर उरलेला एकच बिल्ला पाहून विचारलं, खाली कोण राहिलं? काका म्हणाला, तो माझाच, काढायचा राहिला, मी वर आहे. शोध थांबला. संध्याकाळी खिशात हा हाताला लागला, तोवर खाण तोंडापर्यंत भरली होती.

"आई होती तोवर का नाही बोललास?"

"रोज ठरवायचो. मग ती ताट वाढायची, आणि मी जेवायचो."

त्यानं बिल्ला खिळ्यावर लावला. वर तुळई करकरली. मी त्याला दंडाला धरून खेचलं. बाहेर! धाडकन् छप्पर कोसळलं, फळ्यासकट.

परतताना त्याच मातीच्या डोंगरावर त्याचा हात धरावा लागला. सोडून द्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू? सोडला नाही. आई तेवढी असायला हवी होती.