जुलैचं पान

शेळगाव जवळ आलं तसा एसटीनं करकचून ब्रेक मारला आणि राजनंदिनीच्या मांडीवरचा अंक घसरून सीटखाली गेला. पलीकडच्या सीटवरूनही एक अंक पडला. दोन हात एकदमच खाली वाकले.

"हा तुमचा," निळ्या सॅकवाला म्हणाला.

"आणि हा... तुमचा."

जूनपासून पाच दहाच्या बारामती–इंदापूर गाडीत दोघं शेजारशेजारच्या रांगेत बसत होती. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासायची, तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता. उतरायची दोघंही शेळगावातच, तिथून तो मोटारसायकलनं निरवांगीला जायचा. दोन महिन्यांत झालेलं बोलणं ते एवढंच.

घरी येऊन तिनं अंक उघडला. 'घारवीर' या चित्रकथेचाच नवा अंक, पण समासातलं अक्षर तिचं नव्हतं.

चूक होणारच होती. साखर कारखान्याची दिनदर्शिका प्रत्येक सभासदाच्या भिंतीवर असते. महिना संपला की तिचं जाड पान वह्या-पुस्तकांच्या कव्हराला लागतं, कोरी बाजू बाहेर. अंक आला एक ऑगस्टला, म्हणजे दोन्ही घरांतून जुलैच निघाला.

तिनं वाचायला घेतलं. 'पान ९ : सूर्य डावीकडं, मग पंखाची सावलीही डावीकडं कशी?' ती हसली. मोठा आला तपासनीस! पण पुढं होतं, 'पान २२ : घारवीरनं नायिकेला न विचारताच उचललं. ती आपली आपण उतरली असती. आधी विचारायला हवं होतं.'

ती खिडकीशी किती तरी वेळ बसून राहिली. बाहेर उसावरून वारा लाटेसारखा पुढं पुढं जात होता... आणि मग तिला आठवलं, आपण पान चौदावर काय लिहिलंय ते.

ते त्यानं वाचलं नसलं तर बरं. वाचलं असलं तर उद्यापासून गाडी बदलावी लागणार.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत चढली. तो आधीच बसला होता. कानाच्या पाळ्या लाल.

"माझा अंक?" तिनं हात पुढं केला.

"देतो की. पान चौदा लय झकास हाय."

"वाचलंत?"

"पाठच झालंय." त्यानं खिडकीबाहेर बघत म्हटलं, "'हा गडी धरणाची भिंत उचलतो, पण चहाला येतीस का एवढं विचारायला याला तीन अंक लागतात. पाच दहाच्या गाडीतल्या निळ्या सॅकवाल्यासारखा.'"

तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता घंटी मारून उतरावं.

"काय गं, ताप परत चढला का काय?" कंडक्टर विजयमालाताई तिकिटाचं मशीन सावरत म्हणाल्या. "तोंड बघ किती लाल झालंय! अन् पाव्हणं, तुमचं बी?"

त्या पुढं गेल्या. राजनंदिनीनं त्याचा अंक पुढं केला. "हा घ्या तुमचा. सावल्या मोजत बसा."

"कव्हर काढलं न्हाय ना?" त्यानं घाईघाईनं विचारलं.

"का?"

"काही न्हाय. द्या इकडं."

मग काय, तिनं हात मागं घेतला आणि कव्हर उलगडलंच. आत जुलै महिना होता. तारखांना पेन्सिलीची बारीक वर्तुळं. रविवार कोरे. पंधरा ते अठरा — तेही कोरे.

पंधरा ते अठरा ती तापानं घरी पडून होती.

गाडी भवानीनगर सोडून पुढं निघाली होती. तिरपं ऊन त्या पानावरून सरकत होतं, वर्तुळं क्षणभर चमकत होती, विझत होती.

"आई म्हणाली, या कसल्या खुणा?" तो हळूच बोलला. "म्हटलं, विहिरीवरच्या मोटारीच्या लाईटची पाळी लिहितोय. कधी दिवसा येती, कधी रात्री, ध्यानात राहावं म्हणून."

"आणि ते चार दिवस?"

"लाईटच नव्हती की..."

तिला हसू आवरेना. हसताना डोळ्यांत पाणी का आलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"माझं नाव अविराज," तो म्हणाला. "पान बावीसवर मी लिहिलंय, आधी विचारावं. म्हणून विचारतो... शेळगावात उतरल्यावर चहा घेशील?"

"घेईन. पण हे पान मी परत देणार नाही."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर राजनंदिनीनं भिंतीवरच्या ऑगस्टमध्ये पाच तारखेला पेन्सिलीनं वर्तुळ काढलं. पलंगावरून आबा बघत होते.

"कसली खूण गं पोरी?"

"लाईटची पाळी, आबा."

"आपली तर या आठवड्यात रातची हाय."

"न्हाय आबा," ती पेन्सिल केसांत खोचत म्हणाली, "दिवसाची हाय. पाच दहाची."