विरोधात एक हात

पहिल्याच भेटीत रंजिताने जीवनला दाभण टोचलं.

पुढे या भेटीला लोकांनी नाना रंग चढवले. खरी हकिगत एवढीच, की खैरपाड्याच्या ओढ्यात वनराई बंधाऱ्याचं काम चाललं होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, तोंडं सुतळीने शिवायची, गोण्या हातोहात पुढे देऊन ओढ्यात रचायच्या, मध्ये मातीचा चिखल ठासायचा, की झाला बंधारा. शिवायच्या कामाला दोघं लागतात : एकाने गोणीचं तोंड धरायचं, दुसऱ्याने टाके घालायचे. जीवनने तोंड धरलं होतं आणि समोर उकिडवी बसून रंजिता टाके घालत होती. इथवर सगळं नियमात होतं. मग जीवनने गोणीकडे बघायचं सोडून भलतीकडे बघितलं. भलतीकडे म्हणजे... तिच्या भुवईवर वाळूचा एक कण बसला होता, त्याच्याकडे. हात सरकला आणि दाभण अंगठ्यात गेलं.

"गोणी धराया आलाव का गोणी व्हाया?" तिने विचारलं.

"चुकून झालं," जीवन म्हणाला.

"तुमी चुकलाव. मी नाय चुकले. माझा टाका सरळ होता."

असं म्हणून तिने बांधावरचा दगडीपाला खुडला, तळहातावर चुरला आणि त्याचा रस अंगठ्यावर पिळला. चुरचुरलं. जीवनने तोंड वाकडं केलं नाही. यात शौर्य नव्हतं. तोंडाकडे त्याचं लक्षच नव्हतं.

जीवन भातसानगरचा. वडिलांनी उभा जन्म धरणाच्या दारांवर नोकरी करून मुंबईचं पाणी राखलं. मुलाने शहापुरात पाण्याच्या पंपांचं दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि वर्षातला एक दिवस तो खैरपाड्याच्या ओढ्याला गोण्या लावायला जाऊ लागला. घराण्याची प्रगती म्हणतात ती हीच.

त्याला ओढ्यापर्यंत नेलं ते 'सोबती सेवा क्लब, शहापूर-मुरबाड' या संस्थेने. क्लबाचे सभासद बत्तीस. पैकी ओढ्यावर अकरा जण येत आणि पाण्यात आठ उतरत. उरलेले तिघे बॅनर धरत. बंधारा तीस फूट, बॅनर चाळीस फूट, हे प्रमाण क्लबाने शेवटपर्यंत ढळू दिलं नाही. अध्यक्ष होते अनंता काका, निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी त्यांची हजेरी सुटली नव्हती. ओढ्यावर ते वही काढून नावं घेत आणि सांगत, "प्रत्येकाने आपापली गेल्या वर्षीची जागा घ्यावी."

या एका सवयीमुळे जीवन सात वर्षं रंजितासमोर बसला. दुसऱ्या कुठल्याही मुख्याध्यापकाचे कुणावर इतके उपकार नसतील.

सात कार्तिक. सकाळी ओढ्यावर धुकं असायचं, पाणी घोट्याला कापायचं, आणि ओल्या सुतळीचा एक वास यायचा — तो वास जीवनला अजूनही दुकानात सुतळीचा गुंडा सोडला की येतो, आणि मग हातातला पंप दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

कामानंतर रंजिताच्या आईच्या, मालूबाईंच्या अंगणात पंगत बसे. क्लब तिला 'स्नेहमेळावा' म्हणे. मालूबाई जेवण म्हणत. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, जवळ्याची चटणी. जीवन दर दोन घासांना पाणी मागायचा, कारण पाण्याची कळशी रंजिताकडे असायची. अनंता काकांच्या पत्नी चंद्रकला काकू समोरच्या पंगतीतून हे मोजत असत.

"जीवन," त्या एकदा म्हणाल्या, "पाणी अडवायला आलायस का संपवायला?"

वर्षातून एकदा भेटून भागत नाही, हे जीवनच्या लवकर लक्षात आलं. रंजिताचा मुरबाडला शिवणक्लास होता. तिसऱ्या वर्षी क्लबाने मुरबाडात नेत्रतपासणी शिबिर घेतलं, तेव्हा ती टेबलाशी नावं लिहायला बसली. जीवनचे डोळे उत्तम. तो रांगेत उभा राहिला. तपासणाऱ्याने तक्त्याची खालची ओळ वाचायला सांगितली. ती वाचली असती तर लगेच घरी जावं लागलं असतं, म्हणून त्याने दिसत नाही म्हणून सांगितलं. वरचीही दिसत नाही म्हणाला. परिणामी त्याला जाड भिंगांचा चष्मा मोफत मिळाला. तो हातात दिला रंजितानेच, त्यामुळे तिच्यासमोर लावणं भाग होतं. त्या दिवशी जीवनला ती अजिबात दिसली नाही.

पुढच्या कार्तिकात तिने गोणी शिवता शिवता विचारलं, "चष्मा कुठंय?"

"डोळे बरे झाले."

"आपोआप?"

"सेवेचं पुण्य."

"मंग या टायमाला कानाचं शिबिर ठेवा," ती म्हणाली. "तुमाला हाका मारून मारून माझा घसा बसतंय."

असं सगळं होतं. नव्हतं ते एकच वाक्य. ते जीवन दर वर्षी शहापूरहून निघताना पाठ करी. किन्हवलीपर्यंत ते बिनचूक असे, सरळगावला अडखळे, आणि खैरपाड्याच्या उतारावर पार नाहीसं होई. ती नाही म्हणाली तर? मग पुढच्या वर्षी गोणीचं तोंड कोण धरणार? हातातला एक खात्रीचा दिवस घालवून तीनशे पासष्ट बिनभरवशाचे मागायचे, हा व्यवहार त्याला झेपत नव्हता.

बंधारा दर पावसाळ्यात वाहून जाई. सगळ्यांना हळहळ वाटे. जीवनही हळहळल्यासारखं करी.

आणि मग सातव्या वर्षी, भाद्रपदात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत क्लबाची सभा भरली.

कल्याणचे एक दानशूर गृहस्थ खैरपाड्याला सिमेंटचा पक्का बंधारा बांधून द्यायला तयार होते. अनंता काकांनी ठराव वाचला. क्लबाची एक थोर परंपरा होती : बावीस वर्षांत प्रत्येक ठराव एकमताने मंजूर झाला होता. इतका, की चिटणीस मितेश घरूनच 'एकमताने मंजूर' असं लिहून आणत असे, म्हणजे सभेत त्याला चहा गरम प्यायला मिळे.

"कुणाचा विरोध?" काकांनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं आणि कागद मिटायला घेतला.

जीवनचा हात वर गेला. तो त्याने केला नव्हता. गेला.

"पंखा लावायचाय का?" काकांनी विचारलं.

"नाही काका. माझा... विरोध आहे."

मितेशचा चहा सांडला.

कारण विचारल्यावर जीवनने तीन कारणं दिली. श्रमदानाची सवय मोडेल, एकोपा कमी होईल आणि सिमेंटमुळे बेडकांची गैरसोय होईल. बेडकांवर तो चांगली चार मिनिटं बोलला. क्लबाच्या वहीत पहिली खाडाखोड झाली, आणि गावाचं मत काय ते कळवावं म्हणून खैरपाड्याला पत्र गेलं. त्यात विरोध करणाऱ्याचं नाव होतं, कारण मितेश काम चोख करी.

चौथ्या दिवशी भुरभुर पाऊस असताना रंजिता जीपने शहापूरला आली आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. छत्री मिटली नाही. म्हणजे बसायला आलेली नव्हती.

"हात वर केलाव तो तुमीच?"

जीवनने पाना खाली ठेवला. "या ना... आत या."

"बेडकांचं सांगा."

"ते मी उगाच बोललो."

"मंग खरं काय ते सांगा."

जीवनने तोंड उघडलं. सात वर्षांचं वाक्य होतं, ते गंजलं होतं. निघालं नाही.

"फागुन लागला का तुमचा बंधारा आटतंय," रंजिता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "मंग आई खालच्या विहिरीवर जाते. डोईवर दोन हंडे, काखेत कळशी. चार खेपा. तिचं गुडघं तुमी बगितलंत, पंगतीला वाढताना कशी उठते ती. पक्का झाला तर वैशाखापर्यंत पानी रातंय. आन तुमी बेडकांवर बोलता."

पागोळीचं पाणी तिच्या छत्रीवर पडत होतं.

"सात वर्षं मला वाटलं," ती म्हणाली, "तुमी आमच्या पान्यासाठी येता."

ती गेली. जीवन समोरच्या उघड्या पंपाकडे वळला. तिचं म्हणणं खोटं असतं तर त्याला राग तरी आला असता. चौथ्या वर्षापासून त्याने मालूबाईंना कष्टाने उठताना पाहिलं होतं, आणि तरी आणखी भाकरी मागून घेतली होती.

त्याच संध्याकाळी तो अनंता काकांकडे गेला आणि विरोध मागे घेतो म्हणाला.

"पुन्हा खाडाखोड?" काका कळवळले.

चंद्रकला काकूंनी चहाचा कप पुढे केला. "घेऊ दे त्याला मागे," त्या म्हणाल्या. "बेडूक कोण आहे ते मला तिसऱ्या वर्षापासून माहीत आहे."

त्यानंतर जीवन खपला. मोजमापं, परवानग्या, पंचायतीच्या खेपा, सगळं त्याने अंगावर घेतलं. दर रविवारी खैरपाड्याला जाई, ओढ्यात टेप धरी आणि मालूबाईंच्या अंगणाला वळसा घालून परत येई. पाया उन्हाळ्यात, ओढा कोरडा पडल्यावर खणायचा होता. तेव्हा या कार्तिकात कच्चा बंधारा आणखी एकदा घालायचा ठरलं. शेवटचा.

त्या दिवशी धुकं जरा जास्तच होतं, किंवा जीवनला तसं वाटलं. काकांनी हजेरी घेतली. "आपापली गेल्या वर्षीची जागा..."

जीवन गोण्या पुढे देणाऱ्यांच्या साखळीच्या शेपटाला जाऊन उभा राहिला. आपल्या जागी त्याने मितेशला पाठवलं होतं. मितेशने आयुष्यात पहिल्यांदा पँट दुमडली.

चार गोण्या झाल्या. पाचवीला रंजिता उठून उभी राहिली.

"सर," तिने काकांना हाक मारली, "माजी गोणी सुटते. यांना धराया नाय येत. जुना धरनारा द्या."

सगळी साखळी थांबली. एक गोणी कुणाच्या तरी पायावर पडली, पण त्यानेही आवाज केला नाही. जीवन पाण्यातून चालत वर आला आणि तिच्यासमोर बसला. गोणीचं तोंड धरलं. ती शिवू लागली. दोन टाके, तीन टाके...

"रव्वारी घराशी का नाय आलाव?" तिने मान वर न करता विचारलं.

"तू... तुम्ही रागावलेल्या होतात."

"हां. मंग? रागावलेल्या मानसाच्या घरी चा बंद असतंय का?"

जीवनने श्वास घेतला. किन्हवलीला असतं तसं काहीच पाठ नव्हतं, हे बरं झालं.

"विरोध पाण्याला नव्हता," तो म्हणाला. "पक्का झाला की वाहून जाणार नाही. वाहून नाही गेला तर पुढच्या कार्तिकात... मी काय सांगून येऊ इथे? चूक होती. आईंच्या गुडघ्यांपुढे तर फारच. पण खरं तेवढंच होतं."

सुतळी सरकत होती. एक टाका ती चुकली. सात वर्षांत पहिल्यांदा.

"एवढं बोलाया सात बंधारे?"

"आठ. हा धरून."

"आन मी येडी," ती म्हणाली. "इकडं मशिनीवर दिवसाला चार ब्लाउज शिवनारी बाई, दर साली गोणीला इतका येळ का लावते, ते तुमाला कदी कळलंच नाय."

जीवनने तिच्याकडे पाहिलं. भुवईवर वाळू होती. हात सरकला.

"आई गं," जीवन म्हणाला.

"या टायमाला बी मी चुकले नाय," रंजिता म्हणाली. "बगून टोचलं."

पंगतीत जीवनला वाढायला कुणी आलं नाही, कारण तो पंगतीत नव्हता. तो ओटीच्या कडेला बसला होता, आणि रंजिता त्याच्या अंगठ्यावर दगडीपाला पिळून चिंधी बांधत होती. जखम होती तिळाएवढी. चिंधी संपत नव्हती.

भाषणं होऊन आभार मानायची वेळ आली, तशा चंद्रकला काकू उठल्या. "अध्यक्ष," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझा एक ठराव आहे. पुढल्या वर्षीपासून बंधाऱ्याचं निमित्त उरणार नाही. तेव्हा आपल्या जीवनसाठी मालूबाईंकडे रंजिताची मागणी क्लबाने घालावी."

ओटीवर भांडं पडल्याचा आवाज झाला. मालूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "माज्याकडं काय मागताव? तिला इचारा."

अनंता काका गोंधळले. अशा प्रसंगाला शाळेतलं काहीच उपयोगी पडेना, म्हणून त्यांनी सवयीचं वाक्य काढलं.

"कुणाचा विरोध?"

पंगतीतल्या सगळ्या माना जीवनकडे वळल्या. पण त्याचा हात रंजिताच्या हातात होता.

"आणि तुझा, बाळ?" काकांनी रंजिताला विचारलं.

तिने चिंधीची गाठ मारली, मग ती सोडली आणि पुन्हा मारायला घेतली.

"माजे हात मोकळे नाय सर," ती म्हणाली.

आता खैरपाड्याला पक्का बंधारा आहे. वैशाखातही मालूबाई दारापुढच्या ओढ्याच्या पाण्यात भांडी घासतात आणि शहापूरहून लेक-जावई आले की भाकऱ्या मात्र स्वतःच थापतात. शहापुरात पंपांच्या दुकानाचा अर्धा भाग शिवणाच्या मशिनीने घेतला आहे. बेडूक मजेत आहेत.

क्लबाची ती वहीही वाचनालयाच्या कपाटात आहे. त्या दिवसाच्या पानावर चंद्रकला काकूंचा ठराव आहे आणि पुढे मितेशच्या वळणदार अक्षरात 'एकमताने मंजूर'. जीवनने एकदा त्याला सहज विचारलं, की तुझे हात तर चिखलाने भरलेले होते, मग इतकं स्वच्छ कधी लिहिलंस?

"आदल्या दिवशी," मितेश म्हणाला. "घरून."