कोल्माच्या हिमनदीवरची घंटा

घंटा खाली आणायची, एवढंच काम होतं. कोल्मा हिमनदीच्या माथ्यावरच्या निवाऱ्याखालचा खडक दोन उन्हाळ्यांपासून सुटत चालला होता. यंदा तो निवारा दरीत जाणार, हे प्रादेल गावात सगळे धरूनच चालले होते. जुन्या फळ्यांसाठी कुणी हळहळलं नाही. पण दारावरची काशाची घंटा! धुक्यात वाट चुकलेल्यांसाठी निवाऱ्याचा राखणदार सेवेरो याने ती तीस वर्षं वाजवली होती. त्याच्याआधी त्याच्या वडिलांनी. त्या निवाऱ्यातलं वाचवण्याजोगं आता तेवढंच उरलं होतं.

खरं तर मार्चमध्येच जायचं होतं. पण यंदा हिम उशिरा पडलं, पडलं तेही वाऱ्याने उडवून नेलं, आणि वाट बघता बघता मे संपत आला. सेवेरो वर स्की घेऊन जाणार की छत्री, अशी चौकशी गावातल्या कॉफीच्या दुकानात होऊ लागली.

बरोबर दोघंच होती. एक त्याची मुलगी फिओरेन्झा. दुसरा मेहुणा गास्पारे, ज्याचा एक गुडघा कामातून गेला होता, पण जीभ शाबूत होती. निघताना फिओरेन्झाने बर्फात फिरवून बसवायचे पोलादी स्क्रू पिशवीत टाकले होते. सेवेरोने ते काढून खिळ्याला परत अडकवले. घंटेचं ओझं होतंच, आणि त्या खोऱ्यात वसंतात स्क्रू नेण्याची रीतही नव्हती. दोर बांधायची वेळ आली, तर स्की हिमात आडवी पुरायची, वर हिम तुडवायचं, की बैलसुद्धा लटकेल! स्क्रू नेणाऱ्याला गावात लोहार म्हणायचे.

चढण सोपी गेली. रात्रीच्या थंडीने हिम कडक झालं होतं, आणि स्कीच्या तळाला चिकटवलेल्या पट्ट्या छान पकड घेत होत्या. निवाऱ्यापाशी तिघांनी राय धान्याचा पाव आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे काप खाल्ले. मग सेवेरोने घंटा उतरवली, वाटेत वाजू नये म्हणून तिचा लोलक सोडवून खिशात टाकला, आणि घंटा स्वतःच्याच पाठीवर बांधली. गास्पारेने अर्धं ओझं मागितलं. घंटेचं अर्धं कसं करतात, असं सेवेरोने त्याला विचारलं.

तेवढ्यात ऊन चढलं, आणि सगळंच बिघडलं.

उतारावरचं हिम ओल्या साखरेसारखं झालं. ढोपरभर असायला हवं होतं तिथे जेमतेम वीतभर, आणि खाली करडा, दगड रुतलेला बर्फ! स्की खरवडत होत्या, अडत होत्या. तिघांनी एकाच दोराला स्वतःला बांधून घेतलं. पुढे फिओरेन्झा काठीने हिम चाचपत होती, मधे सेवेरो, मागे गास्पारे.

फिओरेन्झा हिमाखाली लपलेल्या भेगेत गेली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. होती, आणि नव्हती!

दोराने सेवेरोला पालथा पाडलं. तो घसरला. स्की सुटल्या. बुटांची टोकं बर्फावर खरखरत गेली आणि भेगेच्या अलीकडे दहा हातांवर एका दगडाला अडकली. कमरेचा पट्टा पोटात रुतला. दोर ताठ झाला.

"फिओरेन्झा!"

"आहे." आवाज खोलातून आला. "खांदा निखळलाय, बाबा. हात वर होत नाही. खाली पाणी आहे."

गास्पारेने स्वतःला दोरातून सोडवलं आणि वर राहिलेलं मोकळं टोक घेऊन तो रांगत आला. स्की पुरली, हिम तुडवलं, दोर बांधून ओढून पाहिला. स्की लोण्यातल्या सुरीसारखी बाहेर आली. पुन्हा पुरली. पुन्हा आली! तुडवायला हिमच नव्हतं. खालचा बर्फ पोलादासारखा, आणि पोलाद घरी, खिळ्याला. फोनला रेंज नव्हती. माथ्यावरून ढग उतरत होते. त्यात हेलिकॉप्टर आलं नसतं.

सेवेरोला काहीच करता येईना. वळता येईना, उठता येईना. मुलीचं सगळं वजन कमरेला आणि बुटांखाली एक दगड, जो मधूनच किंचित हलत होता. तो नुसता पडून होता.

"बाबा, तुम्ही घसरताय का?" खालून आवाज आला.

"नाही," तो म्हणाला. घसरत होता.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मामा काय करतोय?"

"लोहारकाम," गास्पारे म्हणाला.

बाजूने वितळलेलं पाणी वाहत होतं. बर्फात खोदली गेलेली ती हातभर खोल पन्हळ भेगेकडे उतरता उतरता अरुंद होत गेली होती. सेवेरोचा कान तिच्याकडेच होता. दुसरं करण्यासारखं काय होतं?

"गास्पारे," तो म्हणाला. "घंटा."

गास्पारेला कळलं. तरी तो थांबला. "दाजी, पाठीवरचं वजन काढलं तर तुम्ही जाल."

"फिओरेन्झाचा पट्टा फाटायला लागल्यासारखं दोरातून जाणवतंय. काढ."

गास्पारे त्याच्या पायांवर आडवा पडला आणि त्याने पट्टे कापले. घंटा निघाली. दगड सुटला! दोघं वीतभर घसरले, आणखी वीतभर. गास्पारेने एका हाताने घंटा पन्हळीत ढकलली. पाण्याने ती खाली नेली, अरुंद जागी दाबली, आणि ती रुतून बसली. त्याने मोकळ्या टोकाने तिच्या टांगायच्या कानाला गाठ मारली आणि तेच टोक ताठ दोरावर आवळलं. ओझं सेवेरोच्या कमरेवरून निघून घंटेवर गेलं. आत कुठेतरी काशाने एक बारीक कण्हणं काढलं.

धरलं.

पट्ट्याच्या लोखंडी कड्यांमधून दोर फिरवून, काठावर तो रुतू नये म्हणून त्याखाली काठ्या घालून दोघं ओढत राहिले. ढग उतरले. काही दिसेनासं झालं. दुपार कलता कलता एक ओलं, पांढरंफटक डोकं काठावर आलं.

"घंटा काढूया," फिओरेन्झा थरथरत म्हणाली.

गास्पारेने हिसका दिला. ती हलली नाही. कुदळ घेऊन उद्या येतो, असं तो म्हणाला. सेवेरोने पन्हळीकडे एकदा पाहिलं. पाणी वाढलं होतं, त्यांच्या पायांखालचं हिम खचत होतं, आणि मुलीचे ओठ निळे झाले होते. त्याने सुरी काढली आणि घंटेला बांधलेला दोर कापला.

धुक्यात वाट दाखवायला वर आता कुणी नव्हतं. ते वाटेवरच्या खुणेच्या दगडांच्या ओळीने चाचपडत उतरले, हिम संपल्यावर उरलेल्या स्की खांद्यावर घेऊन.

घरी त्याच्या बायकोने दार उघडलं, मुलीला चुलीजवळ बसवलं, मग विचारलं, "आणि घंटा?"

सेवेरोने खिशातून लोलक काढून टेबलावर ठेवला. मग फिओरेन्झाचे ओले हातमोजे पिळले आणि त्यांच्यावर तोच लोलक ठेवून ते चुलीपाशी सुकत घातले, म्हणजे जागचे हलणार नाहीत.