उजवीकडची काच

पोरांनो, तुम्ही स्पर्धा परीक्षेवाले. तुम्ही पुरावा मागणार. तो आहे, शेवटी दाखवतो. आधी विश्वनाथ दाभाडे कोण ते ऐका. बावीस वर्षं ऑफिसात आमचं टेबलाला टेबल. थापा मारणारा नव्हे. रजेच्या अर्जातसुद्धा खरं कारण लिहायचा.

त्याच्याकडे एक जुनी जर्मन गाडी होती. दोन दारांची, कापडी छताची. छत मागे दुमडलं की गाडी उघडी. कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातली, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. त्याची मुलगी सुखदा लहानपणी उजवीकडे बसायची आणि सिग्नलला लोकांना वाटायचं, ही चिमुरडीच गाडी चालवतेय. तीही ऐटीत सगळ्यांना हात करायची.

सुखदा दिल्लीत वाढलेली. घरातून निघताना हिंदीच्या सवयीनं म्हणायची, "जाते मी." विश्वनाथ दर वेळी टोकायचा, "जाते नाही गं. येते म्हणावं." मग ती "येते, येते" करत जिना उतरायची.

मोठी झाल्यावर एका जानेवारीत तिला मैत्रिणीच्या लग्नाला पानिपतला जायचं होतं. तिनं ही गाडी मागितली. हा नाही म्हणाला. धुक्यात ओरखडा येईल, म्हणाला. गाडीला. ती चिडली, "जाते मी" म्हणाली आणि मित्राच्या मोटरसायकलवर निघून गेली. हाही रुसलेला. त्या दिवशी त्यानं टोकलं नाही. समालख्याच्या पुढे, धुक्यात, रस्त्यात उभा असलेला ट्रक त्यांना दिसलाच नाही.

दोन वर्षं गाडी कव्हरखाली होती. शेवटी सुमित्रावहिनी म्हणाल्या, ती दारात नको. जाहिरात दिली. पानिपतचा धीरज नावाचा चादरींचा व्यापारी तयार झाला, पण गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. अकरा जानेवारी, शनिवार. विश्वनाथ दुपारीच नोएडाहून निघाला. सोनिपतपाशी कार्बोरेटर रुसला. तो दुरुस्त होईस्तोवर अंधार पडला, धुकं उतरलं.

समालखा मागे पडलं तेव्हा पावणेनऊ झाले होते. श्वासानं समोरची काच आतून धुरकट व्हायची, तो फडक्यानं पुसायचा. मग त्याच्या लक्षात आलं. उजवीकडच्या दाराची काचही धुरकट होत होती. थोडीशीच. वाफ विरायची. पुन्हा व्हायची...

कुणीतरी तिकडे तोंड करून श्वास घेत होतं.

त्यानं मान वळवली नाही. मी विचारलं, घाबरलास? म्हणाला, हो. वळून पाहिलं आणि कुणीच नसलं तर, याला घाबरलो.

त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. रस्त्यावर एकही वाहन नाही. काच धुरकट. विरली. धुरकट...

"सुखदा," तो म्हणाला, "जाते नाही गं. येते म्हणावं."

...

काही नाही.

काचेवरची वाफ विरली. मग काच तशीच राहिली. स्वच्छ.

तो तिथं किती वेळ रडला, त्याला आठवत नाही. मग त्यानं गाडी पानिपतला नेली, चावी धीरजच्या हातात ठेवली आणि बसनं परत आला. सुमित्रावहिनींना त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

मे महिन्यात धीरजचा फोन आला. गाडी गॅरेजात, कुलपात. बाहेर बेचाळीस डिग्री. आणि सकाळी उजवीकडची काच आतून धुरकट, वर बोटानं काहीतरी लिहिलेलं. फोटो पाठवला होता.

"अंकल, ये आपने लिखा था क्या? 'ये' तो ठीक है. पर ये 'ते' क्या है?"

 विश्वनाथ एवढंच म्हणाला, "पोंछना मत."

त्यानं गाडी परत मागितली. धीरज भला माणूस आहे, पण गाडीवर त्याचाही जीव जडलाय. तो देत नाही. शनिवारी मात्र चावी देतो. विश्वनाथ पहिल्या बसनं जातो, त्या गॅरेजात डावीकडच्या सीटवर संध्याकाळपर्यंत बसतो. मुलगी येते म्हणाली, आणि ज्या गाडीत यायची ती यानं विकून टाकली. आता काय करणार तो?

पुरावा हवा होता ना? घ्या हा मोबाइल. फोटो मोठा करून बघा. हळू. दोनच अक्षरं आहेत. आणि खाली, काचेच्या कोपऱ्यात... उघड्या हाताचा ठसा. लहान मुलीचा.